डोळेबाई आणि माझी अर्धी गोळी

“लोकांच्या पोरी मुतताना उभं राहून बघायचं, हे काय काम झालं?”

हा माझ्या नवऱ्याचा आवाज. बावीस-तेवीस वर्षं झाली त्याला. मी मोरीत कपडे पिळत होते, आणि आमच्या घराच्या भिंती अशा, की शेजारच्या खोलीत कुणी उसासा टाकला तरी इकडे ऐकू यावा. मी काही मुद्दाम ऐकायला गेले नव्हते. नळ मात्र बंद केला.

“दादा, बारा वर्षं हॉस्पिटलात बेडपॅन उचलली, तेव्हा नाही आला तुला वास?” ही माझी नणंद.

“ती आजारी माणसं होती.”

“या ठणठणीत आहेत. उलट बरंच की.”

“आणि कुणी विचारलं, बहीण काय करते, तर काय सांगू मी?”

“सांग, राखण करते.”

“कशाची?”

“ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. कळलं की सांगते तुला.”

दार आपटून हे बाहेर गेले. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. बायकोवर आवाज चढवणारा हा माणूस बहिणीपुढे नेहमी मऊ मेण व्हायचा, आज पहिल्यांदा तिच्यावर ओरडला होता. पण माझं सुख संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. तिच्या ओळखपत्राला फोटो लागणार होता, तर हेच तिला घेऊन फोटोवाल्याकडे गेले. लग्नानंतर माझा फोटो काढायला यांना कधी सवड झाली नव्हती.

नणंदेला मी तोंडावर ‘वन्सं, तुम्ही’ म्हणत आले आणि मनात ‘तू’. इथंही मनातलंच चालू ठेवते. आता ती काही भांडायला यायची नाही. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा वारला, मूलबाळ नाही, एक ट्रंक घेऊन माहेरी आली ती कायमची. हॉस्पिटलात आया म्हणून लागली. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे खेळाडूंच्या तपासणीचं काम आलं. त्यांना अशी बाई हवी होती, जी लाजणार नाही, घाबरणार नाही आणि उभं राहून दमणारही नाही. त्यांनी वन्संना बरोबर हेरलं.

काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणाला ते धड समजलं नाही. मुली कुस्ती खेळतात, ज्यूदो खेळतात, बॉक्सिंग खेळतात. त्यात कुणी जिंकायसाठी ताकदीची औषधं घेतं. ती लघवीत उतरतात. म्हणून सामना संपला की मुलीच्या हातात कागद द्यायचा, सही घ्यायची, आणि त्या घटकेपासून तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. संडासातसुद्धा नाही. बाह्या कोपराच्या वर, बनियन छातीपर्यंत, पँट गुडघ्याखाली, आणि कप मुलीच्याच हातात. बाईनं बघायचं ते एवढंच, की कपात पडतंय ते हिचंच आहे, कुठं लपवलेल्या फुग्यातलं नाही. मग मुलगी स्वतःच दोन बाटल्यांत ओतते. झाकणं कटकट करत बसतात, आणि एकदा बसली की फोडल्याशिवाय उघडत नाहीत. बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. सगळ्या बाटल्या गार पेटीत, पेटीला सील, आणि पेटी बसनं चार तासांवरच्या प्रयोगशाळेत. ती पोचवायचं कामही वन्संकडेच असायचं.

मुली तिला डोळेबाई म्हणायच्या. आधी चिडून म्हणायच्या, पुढे लाडानं. सामन्यात घाम गाळून पार वाळलेली पोरगी, तिला दोन-दोन तास होत नसे. वन्सं बेसिनचा नळ बारीक सोडायची आणि म्हणायची, “लाजतेस काय गं? मी तान्ह्या बाळांपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची बघितलीय. तुझीच काय सोन्याची धार आहे?” पोरगी हसली की काम व्हायचं. हसणाऱ्या माणसाला अडवून धरता येत नाही म्हणे.

मी घरात चुलीशी, आणि ही आज या शहरात, उद्या त्या शहरात. गळ्यात ओळखपत्र, हॉटेलात खोली, नाश्त्याला उकडलेली अंडी. परत येताना हॉटेलातले बोटभर साबण आणायची आणि त्यातला एक मला द्यायची. मी एकही वापरला नाही. टाकलाही नाही. कपाटात डबा भरून आहेत.

वरून तिला मान. एकदा एका व्यायामशाळेचा कोच घरी आला, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याला सगळे शिट्टीमास्तर म्हणायचे. फळांची करंडी घेऊन आला होता. म्हणाला, “बाई, उद्या आमची पोरगी आत गेली की तुम्ही जरा मान वळवा. तेवढंच.”

वन्सं म्हणाली, “मास्तर, मला पगार बघण्याचा मिळतो. मान वळवणारी बाई वेगळी ठेवावी लागेल तुम्हाला.”

करंडी परत गेली. केवढी द्राक्षं होती तीत! मी आठवडाभर हळहळले. पण गल्लीत ती गोष्ट सगळ्यांना सांगितली मीच, आणि सांगताना माझीच मान ताठ व्हायची. असला हा मत्सर, धड मनासारखा करताही येत नाही.

आता मुंगीचं सांगते. मुंगी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. लहानपणी इतकी किरकोळ, की तेच नाव पडलं. आईबाप दोघंही नोकरीवर, पोरगी आम्हा दोघींच्या हातावर वाढली. म्हणजे भरवलं मी, न्हाऊ घातलं मी, तापात रात्री जागले मी. आणि बोलायला जायची ती वन्संच्या खाटेवर! वन्सं दौऱ्यावरून आली की ही मांडी घालून समोर बसायची, “आत्याआजी, सांग ना, कोण जिंकलं? कसं मारलं?” नऊ वर्षांची असताना वन्सं तिला एकदा व्यायामशाळेत घेऊन गेली. परत आली ती हातांना पट्ट्या गुंडाळूनच. झालं. कुणाची म्हैस आणि कुणाला ऊठबस! पुढे दहा वर्षं त्या घामट पट्ट्या धुतल्या मी, आणि शाळेच्या निबंधात ‘माझी आवडती व्यक्ती’ म्हणून लिहिली आत्याआजी.

मुंगी बॉक्सिंगमध्ये अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळायची. त्याच गटात आणखी एक मुलगी होती, मोठ्या व्यायामशाळेची. तिचे फोटो बसस्टॉपवर लागायचे, म्हणून आम्ही तिला पोस्टरवाली म्हणायचो. तिला स्वतःचा डॉक्टर, स्वतःची मालीशवाली, जेवण तोलून देणारा स्वतंत्र माणूस. आमच्या मुंगीला दोन म्हाताऱ्या. तपासणीवाले अधूनमधून न सांगता घरीही यायचे, पहाटे दार वाजवायचे. आमच्याकडे वर्षात पाच वेळा आले. वन्सं तेव्हा स्वतः खोलीबाहेर जाऊन उभी राहायची, घरच्या मुलीला आपण बघायचं नाही म्हणून, दुसरी बाई बघायची. आणि पोस्टरवालीकडे हे लोक जायचे तेव्हा ती नेमकी मामाकडे गेलेली असायची.

“तिला आधी कळतं म्हणतात,” मी वन्संना म्हणाले.

“म्हणतात. दार उघडलं नाही तर आम्ही तसं लिहितो. पुढे त्या कागदाचं काय होतं, ते माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात आहे तरी काय?”

“कागद खरा लिहिणं. तेवढं पुष्कळ आहे.”

मुंगी एकोणीस वर्षांची झाली तेव्हा बॉक्सिंग-कुस्तीची निवड स्पर्धा आमच्याच शहरात आली. जी जिंकेल ती देशाच्या शिबिरात जाणार. तिथं राहणं, खाणं, मोठे कोच, पुढे परदेशातले सामने. मुंगी त्यासाठी तीन वर्षं झुरत होती. शनिवारी उपांत्य सामना जिंकली. रविवारी पोस्टरवालीशी शेवटचा.

बॉक्सिंगमध्ये रोज सकाळी वजन करतात. अठ्ठेचाळीसच्या वर एक काटा गेला की घरी जा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मुंगी घरच्या काट्यावर उभी राहिली, तर अठ्ठेचाळीस आणि नऊशे ग्रॅम. प्लास्टिकचं जाकीट घालून जिन्यावर वरखाली पळाली, दोरीवर उड्या मारल्या, वाटीत थुंकत बसली. दोनशे ग्रॅम उतरले. झोपेत आणखी थोडे उतरतात, पण तरी पाव किलोचा घोर होताच. वन्सं दोन दिवस सभागृहातच मुक्कामाला होती, तपासणीच्या कामासाठी. आईबाप कामावर, हे बाहेर गेलेले. घरात मीच.

आणि ती पोरगी आली, दहा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, “आजी, काहीतरी कर ना गं.”

काय सांगू तुम्हाला. आभाळ ठेंगणं झालं मला. दर वेळी ‘आत्याआजी, काय करू?’, आणि आज ‘आजी’. माझ्याजवळ होतं काय? मला पाय सुजले की घ्यायची एक गोळी असते, पाण्याची गोळी म्हणतो आम्ही. ती घेतली की दहा वेळा जावं लागतं आणि अंग हलकं होतं. अंगातलं पाणी म्हणजे वजनच की! मी गोळी सुरीनं मधोमध कापली. अख्खी दिली नाही, शहाणी ना मी.

“हे चालतं?” मुंगीनं विचारलं.

“ताकदीची थोडीच आहे? माझ्यासारख्या थेरडीला देतात. घे. आणि आत्याआजीला सांगू नको.”

हे शेवटचं का म्हणाले? गोळी वाईट आहे अशी शंका आली म्हणून नव्हे. वन्संना कळलं असतं तर तिनं त्यावर काही तरी सांगितलं असतं, आणि मग ती गोळी तिची झाली असती. मला ती माझी हवी होती.

सकाळी वजन भरलं सत्तेचाळीस किलो नऊशे. मुंगीनं मला मिठी मारली. तसली मिठी मी आधी बघितली होती, पण ती दुसऱ्यांना मिळालेली.

सामना बघायला मी पहिल्यांदाच गेले. पुढच्या रांगेत बसले. अर्धा वेळ डोळे मिटून घेतले होते, तरी एवढं दिसलं की पोस्टरवाली लांब हातांची आणि आमची मुंगी तिच्या पोटाखाली शिरून ठोसे देणारी. शेवटी पंचानं मुंगीचा हात वर केला. मी उठून ओरडले, टाळ्या पिटल्या, घसा बसला. आणि पोरीनं पहिलं बघितलं कुठं? माझ्याकडे नाही. पार तिकडे भिंतीशी डोळेबाई उभी होती, तिकडे. तिनं टाळीसुद्धा वाजवली नाही, कामावर होती ना. हात पाठीशी बांधून नुसती उभी. तरी पोरगी तिच्याचकडे बघून हसली.

दोघींनाही तपासणीला नेलं. वन्संनी पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं होतं, “या गटात माझी नात आहे, तिच्याबरोबर मी आत जाणार नाही.” दुसरी बाई गेली. मुंगीची लघवी पाण्यासारखी पातळ निघाली, ती चालत नाही म्हणे, म्हणून तिला तासभर बसवून पुन्हा घेतली. मी बाहेर बाकावर बसून त्या लोकांना शिव्या देत होते. पातळ का निघाली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

संध्याकाळी सगळे घरी चहाला बसलो होतो. वन्संही दोन दिवसांनी घरी आली होती. मुंगी पदक गळ्यात घालून सांगत होती, “आणि मग त्यांनी फॉर्म दिला. सात दिवसांत काय काय औषध घेतलं ते लिहा. मी लिहिलं, आजीची अर्धी गोळी, पाण्याची.”

वन्संचा कप बशीत टेकला. हळूच टेकला, तरी सगळ्यांना ऐकू आला.

मी म्हटलं, “अगं, सांगू नको म्हणाले होते ना?”

“तू आत्याआजीला सांगू नको म्हणालीस. फॉर्मला सांगू नको असं कुठं म्हणालीस? आत्याआजीनंच शिकवलंय, तोंडात गेलं ते कागदावर गेलं पाहिजे.”

वन्सं उठली. फळीवरून माझ्या गोळ्यांची पट्टी काढली, चष्मा लावून मागचं बारीक नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “मुंगे, लिहिलंस ते फार बरं केलंस. पण ही गोळी त्यांच्या यादीत आहे. बंदी असलेल्या.”

“ताकदीची नाहीये ती!” मी म्हणाले.

“ताकदीची औषधं घेणारे ती धुऊन काढायला हीच गोळी घेतात. आणि वजन उतरवायलाही. म्हणून बंद.”

मुंगीनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर परवडलं असतं. गळ्यातलं पदक काढून तिनं टेबलावर ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव अडकून राहायला नको. दीड महिन्यानं निकाल आला, मुंगीच्या बाटलीत गोळी सापडली. पदक गेलं, शिबिर गेलं. चौकशीला मी स्वतः गेले, डॉक्टरची चिठ्ठी, गोळ्यांची पट्टी, सगळं घेऊन. तीन माणसं कोट घालून बसली होती. मी सांगितलं, कापली मी, दिली मी, पोरीला काही ठाऊक नव्हतं. फॉर्मवर तिनं खरं लिहिलं होतं ते कामाला आलं. दोन वर्षांची बंदी सात महिन्यांवर आली. पण शिबिराची गाडी काही सात महिने थांबत नाही. तिथं पोस्टरवाली गेली. तिच्याही बाटलीत काही तरी निघालं असं कानावर आलं, पण तिच्याकडे ते औषध दम्यासाठी लागतं अशी डॉक्टरची चिठ्ठी होती, आधीची तारीख घातलेली, सही-शिक्क्यासकट.

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” मी म्हणाले.

वन्सं म्हणाली, “दमा खरा असेल तर?”

“आणि खोटा असेल तर?”

“तर ते बाटलीत दिसत नाही, वहिनी. ज्याला डॉक्टर परवडतो त्याला चिठ्ठी मिळते, आणि आपल्या पोरीला मिळाली तुझी गोळी. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यासाठी आपली बाटली खोटी होत नाही.”

निकाल आला त्याच आठवड्यात तिनं कामाचा राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. डॉक्टरीणबाई घरी आल्या समजूत घालायला. वन्सं म्हणाली, “घरातलीच गोळी मला दिसली नाही. उद्या दुसऱ्याच्या पोरीला बाह्या वर कर म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?” त्यानंतर सव्वा वर्षानं ती गेली, दुपारी झोपेतच, कुणालाही ताप न देता.

मला वाटलं होतं, निदान आता पोरगी तिच्यावर रुसेल. तिच्याच हातानं ती पेटी प्रयोगशाळेत गेली ना! तर कुठलं काय. बंदीच्या सात महिन्यांत रोज संध्याकाळी मुंगी तिच्याच खाटेवर. आज ती एक्कावन्न किलोत खेळते, उपास नाही, गोळी नाही, आणि थंडीत वन्संचा तो जुना तपकिरी स्वेटर घालून पळायला जाते. मी नवा विणून दिलाय, निळा. तो घडी घालून ठेवलाय, ‘चांगला आहे, बाहेर जाताना घालीन’ म्हणते. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करू नये. त्याचं वजनही करता येत नाही.

राहिला तो सोमवार. पदक टेबलावर ठेवलं त्याची दुसरी सकाळ. पेटी रात्रभर सभागृहातल्या फ्रिजमध्ये होती आणि आठच्या बसनं प्रयोगशाळेत न्यायची होती. वन्संनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, माझ्यासमोरच. “मॅडम, आज पेटीत माझ्या नातीची बाटली आहे. दुसऱ्या कुणाला पाठवा.” तिकडून त्या म्हणाल्या, दुसरी बाई आजारी पडलीय, बाटल्यांवर नंबर आहेत, सील आहे, तुम्ही सांगितलंत हे मी लिहून ठेवते, तुम्हीच न्या.

मी चपला घातल्या. “मीही येते. तुमचे गुडघे दुखतात.”

तिनं माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांत मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. पण ये म्हणाली.

पेटी निळी, हातभर लांब, आत बर्फाच्या पिशव्या. तिचा पट्टा वन्संनी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. बसमध्ये मी म्हटलं, “खिडकीशी ठेवा ना, जागा आहे.” खिडकीत ऊन होतं. ती म्हणाली, “उन्हात नको,” आणि पेटी पायांमध्ये घेतली. मी म्हटलं, “माझ्या मांडीवर द्या थोडा वेळ, तुमचा हात भरून आला असेल.” ती म्हणाली, “सवय आहे.” मधल्या थांब्यावर तिला संडासला जायचं होतं, तर तिथंही पेटी घेऊन गेली. मी खाली फलाटावर उभी, हात रिकामे. मनात शंभर गोष्टी येत होत्या. बर्फ वितळला, सील निघालं, पेटी पडली, तर प्रयोगशाळा बाटल्या घेत नाही, हे मला तिच्याच गोष्टींतून ठाऊक होतं.

बस सुटल्यावर मी आडपडदा ठेवला नाही. “वन्सं, एक पेटी. वीस वर्षांत एक. म्हातारी बाई आहात, हातून पडली म्हणाल. कोण काय म्हणेल?”

“कुणी काही म्हणणार नाही.”

“मग? तिनं ठोसे स्वतःच्या हातानं मारले. अर्ध्या गोळीनं का मूठ जड होते?”

“होत नाही.”

“ती तुमचीही नात आहे. माझ्यापेक्षा तुमचीच जास्त आहे, सगळ्या जगाला माहीत आहे!” हे जरा मोठ्यानं निघालं. पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं.

वन्सं म्हणाली, “यात सहा मुलींच्या बाटल्या आहेत, वहिनी. एकीची बिघडवायची तर सहाही बिघडतील. एक कुस्तीवाली काल तीन तास रडत बसली होती, होत नव्हतं म्हणून. तिच्या बापाला कुणी तरी सांगितलंय की पोरगी औषधं घेते. तिला ही बाटलीच निर्दोष ठरवणार आहे. त्या पाच जणींच्या आज्या कुठं आहेत या बसमध्ये?”

मी तिकिटाची घडी घालत बसले.

“तू मला एक फोन का केला नाहीस, गोळी देण्याआधी?”

“तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं.”

“मग?”

“मग पोरगी पुन्हा तुमचीच झाली असती.”

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. मोकळा हात तिनं माझ्या हातावर ठेवला, आणि दुसरा पट्ट्यावर तसाच. मला रडू आलं ते मी शेजारच्या खिडकीला सांगितलं. पुढे दोन तास बस चालत राहिली. मी हात काढून घेतला नाही आणि तिनंही नाही.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब पिवळी इमारत, बाजूला खिडकी, खिडकीत जांभई देणारा कारकून. वन्संनी पेटी ओट्यावर ठेवली, वेढे सोडले. सीलचा नंबर तिनं वाचला, त्यानं कागदाशी ताडून बघितला. सील तोडलं. त्यानं आतला काटा बघून गारवा किती ते लिहिलं. मग एकेक बाटली बाहेर आली, वन्सं एकेक नंबर मोठ्यानं वाचत गेली, तो खुणा करत गेला. सहा मुली, बारा बाटल्या. कुठल्या दोन आमच्या, हे तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी तिच्या आवाजावर कान लावून होते. कुठंच अडखळला नाही.

कारकुनानं वेळ घातली, साडेबारा.

“बारा पस्तीस,” वन्सं म्हणाली, “वर घड्याळ बघा.”

“पाच मिनिटांनी काय होतंय, बाई?”

“काही होत नाही. बारा पस्तीस लिहा.”

त्यानं खोडून नीट लिहिलं, शेजारी सही केली. तिनं सही केली. पिवळी पावती घडी करून पिशवीत ठेवली, मागच्या खेपेची रिकामी पेटी मागून घेतली, ती आतून फडक्यानं पुसली, आणि आम्ही दोघी परतीच्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.